हीट पंप दुपारी चालवा, पहाटे आंघोळ करा

एक युनिट विजेत तीन युनिटांची उष्णता, ही पाणी तापवणाऱ्या हीट पंपाची जाहिरात वाचून अनेक जण म्हणतात, ‘ऊर्जा अशी आपोआप वाढते होय?’ शंका रास्त आहे. पण हीट पंप उष्णता तयार करतच नाही. बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात नेऊन टाकतो. वीज लागते ती या हमालीला.

खरी करामत आत फिरणाऱ्या शीतकाची, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या, सहज उकळणाऱ्या द्रवाची. आर-१३४ए हे शीतक साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतं. त्यामुळे दाब कमी ठेवला की पहाटेची दहा अंशांची हवासुद्धा त्याला उकळायला पुरते. उकळताना ते हवेतली उष्णता शोषून घेतं. मग कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती चांगलीच तापते आणि टाकीभोवतीच्या नळीत पुन्हा द्रव होताना सगळी उष्णता पाण्याला देऊन टाकते. पुढे अरुंद झडपेतून दाब उतरतो, शीतक गार होतं आणि फेरा पुन्हा सुरू.

तापमानाची चढण जितकी कमी, तितकी वीज कमी. पाणी ५५ अंशांवर, म्हणजे ३२८ केल्विनवर न्यायचंय. विजेच्या किती पट उष्णता मिळू शकते याची कमाल मर्यादा म्हणजे हे ३२८ भागिले पाणी आणि हवा यांच्या तापमानातला फरक. हवा १० अंश असेल तर ३२८ भागिले ४५, म्हणजे सुमारे ७ पट. ३० अंश असेल तर ३२८ भागिले २५, म्हणजे १३ पट. प्रत्यक्षातली यंत्रं याच्या निम्म्यावरही पोचत नाहीत, पण कल हाच राहतो. परभणीत थंडीच्या पहाटे पारा कधी कधी एक आकडी होतो, दुपारी मात्र ऊन चांगलंच तापतं. म्हणून पाणी दुपारीच तापवून जाड वेष्टनाच्या टाकीत ठेवावं.

लातूरची विद्यार्थी वसतिगृहं आणि तुळजापूरचे भक्तनिवास यांना हे यंत्र अगदी चपखल बसतं. शंभर लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला गिझरला साडेतीन युनिटं लागतात, याला सव्वाच्या आसपास. हक्काची गच्ची असलेल्या रो-हाउसने मात्र आधी सोलर बसवावा. गच्चीवर हक्क नसलेल्या फ्लॅटला मोकळी बाल्कनी असेल तर हीट पंप चालेल. बंद कोंदट कोपऱ्यात तो स्वतःच हवा गार करून स्वतःचंच काम अवघड करतो. पत्र्याच्या एका खोलीत दोन बादल्यांसाठी त्यावर पैसे घालू नयेत.

  

बोअरचं जड पाणी असेल तर नळी टाकीच्या बाहेरून गुंडाळलेलं मॉडेल मागा; पाण्यात बुडालेल्या नळीवर क्षारांचा थर चढतो आणि उष्णता पाण्यापर्यंत पोचेनाशी होते.