रस्ता पाहायला सायकल नेताय? आधी परतीचा चढ पाहा
(उन्हाळ्यात भाड्याने सायकल नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंचीवर आहे; हर्णै, मुरूड, कर्दे अगदी पाण्याला लागून. त्यामुळे सकाळी सहाला निघालात की गार हवेत बराचसा उतारच लागतो. रस्ता सोपा वाटतो, आणि फसगत होते ती इथेच. तोच रस्ता अकरा-बाराच्या उन्हात चढायचा असतो. एप्रिल-मेमध्ये मित्रमंडळींना घेऊन येण्याआधी एकट्याने रेकी करणार असाल, तर बेत परतीच्या चढापासून उलटा आखा.

वाऱ्याचा हिशेब असा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, तोही मंद. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो, बहुतेक वायव्येकडून. म्हणून उत्तरेचा टप्पा, म्हणजे हर्णै-आंजर्ले, सकाळीच उरका आणि मग मुरूड-कर्द्याकडे खाली या. दुपारी उलट गेलात तर सपाटीवरही दम निघतो. चढावर मात्र पाठीवरचा वारा उपयोगाचा नाही. तुम्ही ताशी आठ-दहा किलोमीटरने चढता आणि वाराही जवळपास त्याच वेगाने मागून येतो, त्यामुळे अंगाला वारा लागतच नाही. पारा ३३-३४ अंशांवरच असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि तो वाळल्याशिवाय अंग गार होत नाही. साडेआठपर्यंत चढाला लागा. उशीर झाला तर खालीच माडाच्या सावलीत थांबून साडेचारनंतर निघा. आसूदच्या बागांत सावली आहे. वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, नुसता कातळ.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर धरा. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या दोन-तीन तासच पुरतात, म्हणून पाणी कुठे भरता येईल ते जातानाच पाहून ठेवा. एका बाटलीत साखर-मिठाचं पाणी असू द्या : लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. शहाळं उत्तम, पण त्यात मीठ फार कमी असतं. घामावाटे गेलेलं मीठ त्याने भरून येत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत त्यापेक्षा बरं. डोकं ठणकायला लागलं, गरगरलं, मळमळलं तर सायकल सावलीत लावा, कपडे ओले करा, वारा घ्या. माणूस असंबद्ध बोलू लागला तर वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

आमच्या हायब्रिड सायकलींच्या ३८ मिलिमीटर टायरमध्ये ५५ पीएसआय हवा भरलेली असते, जाड टायरच्या एमटीबीत (माउंटन बाइकमध्ये) ३५. वर आणखी भरू नका. तासभर कडक उन्हात उभी राहिली तर हायब्रिडची हवा आपोआप सहा-आठ पीएसआयने वाढते आणि ट्यूबवरचं जुनं ठिगळ सुटतं. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. दुपारी नव्या डांबरावरून जाणं टाळा. डांबर पाझरतं, टायरला चिकटतं आणि त्यावर खडी बसते. चिरेखाणींच्या आसपास वळणावर पसरलेली बारीक खडी तर वर्षभर असते.

मोबाइलवरचा नकाशा आधी डाउनलोड करा, पण त्यावर विसंबू नका. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी त्यावर सरळ रस्त्यासारखी दिसते. मग सायकल खांद्यावर. खाडीवरची फेरीबोटही नुसती एक रेघ असते. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले किंवा तवसाळ-जयगड मार्गात धरले असतील तर शेवटच्या फेरीची वेळ जेट्टीवर विचारून घ्या. बोट चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, सायकल चालते ती ओहोटीला, ओल्या घट्ट वाळूवर. वेळ काढायची जुनी रीत अजून चालते : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी साडेसातला. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस सकाळच्या फेरीला सगळ्यात चांगले. उधाण असल्याने पाणी खूप मागे हटतं. अष्टमी-नवमीला सकाळी सहा-सातलाच भरती, तेव्हा रस्त्यानेच जा.

लाटेच्या पाण्यात चाक घालू नका. खारं पाणी चेनला एका रात्रीत गंज चढवतं, आणि तेलकट चेनवर बसलेली वाळू दात झिजवते. परतल्यावर गोड्या पाण्याने, मगने हळूहळू धुवा. पाइपचा जोरदार फवारा मारलात तर पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. कोरडी पुसून चेनला तेल द्या. जमलं नाही तर सायकल तशीच आणून द्या, पण पुळणीवर नेली होती एवढं सांगा.