शोध-जाहिरातीचा मजकूर लिहिण्यापूर्वी

गूगल अ‍ॅड्सचे काम आमच्याकडे सोपवताना जास्तीत जास्त क्लिक कसे मिळतील, हे बहुतेक ग्राहक सर्वांत आधी विचारतात. क्लिक करणाऱ्याने पुढे काही विकत घेतले नाही, तरी त्या क्लिकचे पैसे आपल्या खात्यातून जातातच. म्हणून योग्य व्यक्तीला बोलावणे आणि इतरांना क्लिक करण्यापूर्वीच थांबवणे, ही दोन्ही कामे जाहिरातीच्या मोजक्या ओळींनी करावी लागतात. कार्यालयीन खुर्च्या केवळ घाऊक विकणाऱ्याने ‘उत्तम खुर्च्या, आजच मागवा’ असे लिहिले, तर घरासाठी एकच खुर्ची शोधणारेही त्यावर येतील. ‘किमान मागणी ५० नग’ एवढे मथळ्यात घातले की क्लिक कमी होतील, पण आलेली चौकशी कामाची असेल.

गूगलच्या सध्याच्या शोध-जाहिरातीत, म्हणजे शोधाच्या निकालांसोबत दिसणाऱ्या जाहिरातीत, प्रत्येकी ३० अक्षरचिन्हांचे जास्तीत जास्त १५ मथळे आणि ९० अक्षरचिन्हांची ४ वर्णने देता येतात. त्यांतील एका वेळी अधिकात अधिक ३ मथळे व २ वर्णने दिसतात, आणि ती कोणत्या क्रमाने जोडायची हे साधारणपणे यंत्रणाच ठरवते. त्यामुळे प्रत्येक मथळा स्वतंत्रपणे वाचला तरी अर्थपूर्ण हवा, आणि एकच गोष्ट पंधरा प्रकारे सांगण्याऐवजी एकात वस्तू, दुसऱ्यात पोहोचवण्याची मुदत, तिसऱ्यात हमी असा वेगवेगळा तपशील हवा. ‘दर्जेदार’, ‘विश्वसनीय’ हे शब्द आम्ही सहसा वगळतो. ते प्रतिस्पर्धीही वापरतो, त्यामुळे त्यांतून ग्राहकाला निवड करता येत नाही. मथळ्यात उद्गारचिन्ह नियमानुसार चालत नाही.

मजकुरावर एवढा भर देण्यामागे व्यवहाराचे कारण आहे. १९९८ साली गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने शोध-जाहिरातींच्या जागेचा लिलाव सुरू केला, तेव्हा सर्वाधिक बोली लावणारा सर्वांत वर दिसत असे. गूगलने २००२ पासून बोलीबरोबर क्लिकचे प्रमाणही हिशेबात घेतले, आणि आज जाहिरातीचा दर्जाही तिचे स्थान ठरवतो. खात्यात दिसणारा १ ते १० चा क्वालिटी स्कोअर क्लिक होण्याची शक्यता, शोधाशी असलेला संबंध आणि लँडिंग पेजचा, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा, अनुभव या तीन गोष्टींवर काढला जातो. हा आकडा स्वतः लिलावात वापरला जात नाही, पण दुखणे कुठे आहे ते दाखवतो. चांगली जाहिरात कमी बोलीतही महागड्या जाहिरातीच्या वर जाऊ शकते.

यातली तिसरी बाब, म्हणजे लँडिंग पेज, सर्वाधिक दुर्लक्षित राहते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. जाहिरातीत विशिष्ट खुर्ची दाखवून क्लिक करणाऱ्याला संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर सोडले, तर तो शोधत बसत नाही, परत जातो. जे शब्द जाहिरातीत आहेत, तेच उघडणाऱ्या पानाच्या शीर्षकात असावेत.

निगेटिव्ह कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांच्या शोधावर आपली जाहिरात दिसू नये ते शब्दही, विसरू नयेत. ‘दुरुस्ती’, ‘नोकरी’, ‘जुनी’ अशा शोधांवर आपली जाहिरात दिसत असेल, तर मजकूर कितीही नेमका असला तरी पैसे गळतात. म्हणून सर्च टर्म्सचा, म्हणजे लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली याचा, अहवाल आम्ही सुरुवातीच्या दिवसांत वारंवार तपासतो.

काम सुरू करण्यापूर्वी कृपया आपल्याला दूरध्वनीवर नेहमी विचारले जाणारे दहा-बारा प्रश्न, ग्राहकांच्याच शब्दांत, आमच्याकडे लिहून पाठवावेत. मथळ्यांचा पहिला मसुदा आम्ही त्यांवरूनच तयार करतो.