चिन्हांचे पत्ते आणि ‘प्रयोग’ या शब्दाचा गुंता

जादूगार रंगमंचावर करतो त्याला आपण ‘जादूचे प्रयोग’ म्हणतो. नाटकाचाही प्रयोगच होतो आणि शाळेत परीक्षानळी हातात घेऊन करतात तोही प्रयोग. वर्तुळ, अधिक, लाटा, चौकोन आणि चांदणी या पाच चिन्हांच्या पत्त्यांचा कॅट या तिन्ही अर्थांच्या मधोमध येऊन पडला आहे. मनकवडेपणाच्या खेळासाठी कोणता कॅट घ्यावा, हा प्रश्न त्यामुळे दिसतो तेवढा साधा राहत नाही.

हे पत्ते जन्मले प्रयोगशाळेसाठी. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विद्यापीठात अतींद्रिय ज्ञानाची, म्हणजे पालथा पत्ता न पाहता ओळखता येतो का याची, चाचणी सुरू होती. नेहमीचे बावन्न पत्ते त्या कामाचे नव्हते, कारण प्रत्येकाचे आवडते पत्ते ठरलेले असतात. इस्पिकचा एक्का किंवा बदामची राणी ओठावर आधी येते. म्हणून पाच साधी चिन्हं, प्रत्येकाचे पाच पत्ते, एकूण २५. ती चिन्हं ज्या मानसशास्त्रज्ञाने ठरवली त्याच्या आडनावावरून ‘झेनर पत्ते’ हे नाव पडलं, पुढे अतींद्रिय ज्ञानाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘ईएसपी पत्ते’ असंही म्हणू लागले. १९३४ साली त्या चाचण्यांवरचं पुस्तक आलं, मग रेडिओवरून श्रोत्यांना चिन्हं ओळखायला सांगणारा कार्यक्रम झाला आणि पत्ते घरोघरी पोचले. टीकाही लगेच सुरू झाली. सुरुवातीच्या काही पत्त्यांची छपाई अशी होती की पाठीकडूनही चिन्हाचा अंदाज यायचा, आणि इतर प्रयोगशाळांना तसे निकाल मिळाले नाहीत. मनकवडेपणाचे खेळ करणाऱ्यांनी मात्र तो कॅट उचलला तो उचललाच. त्याच्याभोवती संशोधनाचं वलय आयतं तयार होतं.

नागपुरात या वलयाचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १९८२ साली याच शहरात अंधश्रद्धा निर्मूलनाची एक संघटना उभी राहिली. या चळवळीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवत आणि त्यामागची युक्तीही तिथेच उघड करत. रंगमंचावरचा जादूगार युक्ती झाकतो, तिच्यावर त्याचं पोट असतं. दोघांच्या हातात वस्तू पुष्कळदा त्याच. डिसेंबर २०१३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं याचा उल्लेख आहे. सहा महिने ते सात वर्षं अशी शिक्षा आहे. कायद्याच्या नावात ‘जादू’ची अक्षरं असली, तरी त्याचा रोख दाव्यावर आहे. ‘ही माझी कला आहे’ म्हणणारा आणि ‘ही माझी शक्ती आहे’ म्हणणारा यांतलं अंतर इथे मोजलं जातं.

जानेवारी २०२३मध्ये हे अंतर शहरभर चर्चेत आलं. एका कथावाचकाच्या दरबारात समोर आलेल्या माणसाच्या मनातलं आधीच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, असा दावा होता. दावा सिद्ध करून दाखवा आणि तीस लाख घ्या, असं आव्हान चळवळीकडून दिलं गेलं, पोलिसांत तक्रार झाली, आणि कायद्याचा भंग दिसत नाही असं पोलिसांनी सांगितलं. कोण जिंकलं यावर नागपूरकरांत अजूनही दोन मतं आहेत. पण आधी लिहून ठेवलेली चिठ्ठी हा मनकवड्यांचा फार जुना खेळ आहे, हे त्या गदारोळात फारसं कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं.

या सगळ्यानंतर कॅट निवडताना दोन मतं पडतात. एक मत म्हणतं, मूळ छापाचेच पत्ते घ्या, प्रेक्षकाला ते प्रयोगशाळेतले वाटले की खेळाला वजन येतं. दुसरं मत म्हणतं, नेमकं तेच वजन घातक आहे. प्रेक्षक घरी जाऊन ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ असं सांगणार असेल, तर खेळ दाव्याकडे घसरला. या शहरात दुसरं मत जास्त पटतं. बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, जाड कार्डशीट आणून स्वतः रेखलेला कॅट चालतो, पाठ एकसारखी हवी आणि मागून दिवा आला तरी चिन्ह आरपार दिसू नये.

गणितही प्रेक्षकांना सांगून टाकावं. निव्वळ अंदाजाने २५ पैकी सरासरी पाच बरोबर येतात. दर वेळी पत्ता परत घालून, पिसून विचारलं तर शंभर माणसांत चार-पाच जणांचे नऊ किंवा त्याहून जास्त नुसत्या योगायोगाने जुळतात. त्या चार-पाच जणांना आपल्यात काहीतरी आहे असं वाटू लागतं, आणि तो भ्रम खेळाबरोबरच उतरवणं हे करणाऱ्याचं काम.

मराठी प्रेक्षकांसमोर नावांचाही घोळ होतो. चौकोनाला कुणी पटकन ‘चौकट’ म्हणतो, आणि पत्त्यांत चौकट म्हणजे बदामाशेजारचा लाल रंग. ‘अधिक’ला कुणी फुली म्हणतो, कुणी क्रॉस, पहिल्याने तिरप्या रेघांचा गोंधळ होतो, दुसऱ्याने धर्म मध्ये येतो. म्हणून सुरुवातीलाच पाचही पत्ते वर धरून नावं मोठ्याने सांगायची, आकड्यांसकट: वर्तुळाची एक रेघ, अधिकच्या दोन, लाटा तीन, चौकोनाच्या बाजू चार, चांदणीची टोकं पाच. पुढे कुणी नाव विसरला तर नुसता आकडा सांगतो आणि खेळ अडत नाही.