दोन मिलिमीटरची उसंत: ब्राउनिंगचं 9 मिमी पिस्तूल

‘परवान्याचं पिस्तूल साफ करताना गोळी सुटली, एक जखमी’ ही बातमी अधूनमधून पेपरात येतच असते. 2024 च्या अखेरीपासून बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची चर्चा राज्यभर झाली, तेव्हापासून तर आपल्या मराठवाड्यात हा विषय चहाच्या टपरीवरही निघतो. अशा बातमीत एक वाक्य हमखास असतं: मॅगझिन काढली होती, त्यामुळे पिस्तूल रिकामं आहे असं वाटलं.

मॅगझिन काढली तरी पिस्तूल रिकामं होत नाही. मॅगझिन ही फक्त काडतुसांची कोठी. गोळी सुटते ती नळीच्या मागच्या टोकाला असलेल्या चेंबरमधून. आधी एकदा स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) ओढलेली असेल, तर एक काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं आणि मॅगझिन काढल्यावरही ते तिथेच राहतं. स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आत काही नाही असं म्हणताच येत नाही.

एका पिस्तुलाच्या रचनेत मात्र या धोक्याचा विचार शंभर वर्षांपूर्वीच झाला होता. मॅगझिन काढली की त्याचा चाप निकामी होतो. ते पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर. आपल्या लष्करात ‘पिस्तूल ऑटो 9 मिमी 1ए’ या नावाने वर्षानुवर्षं वापरात असलेलं, कोलकात्याजवळच्या इशापूर रायफल फॅक्टरीत बनणारं पिस्तूल हे त्याचंच भावंड. अनेक राज्यांच्या पोलिसांकडेही ते असतं.

जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा. जन्म 1855. वडील बंदुका बनवायचे, हा त्यांच्याच दुकानात शिकला. अमेरिकी सैन्याने 1911 मध्ये स्वीकारलेलं कोल्ट पिस्तूल त्याचंच. स्वीकारण्याआधी त्यातून 6,000 गोळ्या झाडून चाचणी घेतली होती. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या सैन्याला जास्त गोळ्या मावणारं नवं पिस्तूल हवं होतं. बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी ब्राउनिंगने ते काम हाती घेतलं. अडचण अशी की 1911 च्या पिस्तुलाचे हक्क त्याने स्वतःच कोल्टला विकलेले होते. म्हणजे आपल्याच कल्पनांना वळसा घालून नवं काहीतरी करणं भाग होतं. त्याने 1923 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते मंजूर झालं 1927 मध्ये, पण त्याआधीच, नोव्हेंबर 1926 मध्ये, एफएनच्या कारखान्यातच हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

पुढचं काम त्याचा बेल्जियन सहकारी दियुदोने सेव्ह याने केलं. कोल्टच्या पेटंटची मुदत 1928 मध्ये संपली आणि सेव्हचे हात मोकळे झाले. 1935 मध्ये बेल्जियमच्या सैन्याने हे पिस्तूल स्वीकारलं. ज्या फ्रान्ससाठी हा घाट घातला, त्या फ्रान्सने मात्र दुसरंच पिस्तूल निवडलं. 1940 मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतला आणि त्याच कारखान्यात जर्मन सैन्यासाठी हे पिस्तूल बनू लागलं. सेव्ह निसटून इंग्लंडला पोचला आणि कॅनडात टोरांटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने दोस्तराष्ट्रांसाठी तेच पिस्तूल बनवायला घेतलं. युद्धाच्या दोन्ही बाजूंना एकच पिस्तूल. आपलं इशापूरचं पिस्तूल या कॅनडाच्या नमुन्यावर बेतलेलं आहे.

हा झाला इतिहास. माझा जीव अडकलाय तो त्याच्या नळीत.

9 मिमीच्या काडतुसात बारूद पेटला की आत वायूचा दाब वातावरणाच्या 2,300 पटींच्या आसपास जातो. काडतुसाची पुंगळी पातळ पितळेची. ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून वायू मागे येत नाही. चेंबरच्या पोलादाचा आधार आहे तोवर पितळ टिकतं. दाब चढलेला असतानाच पुंगळी मागे सरकून उघडी पडली, तर ती फाटणार आणि तप्त वायू झाडणाऱ्याच्या हाताकडे येणार. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण काढलं तर जे होईल तेच. म्हणून नळी मागून बंद राहिली पाहिजे. पण कायमची बंद राहिली तर रिकामी पुंगळी बाहेर पडणार कशी आणि पुढचं काडतूस आत जाणार कसं?

रिव्हॉल्व्हरमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे काडतुसांचा डबा बोटाच्या जोराने फिरतो आणि पुंगळ्या नंतर हाताने काढायच्या. आपल्याकडे नागरिकांना परवान्यावर मिळणाऱ्या .32 बोअरच्या छोट्या पिस्तुलांतही तो सौम्य असतो. गोळी पाच ग्रॅमच्या आतली, दाब कमी; स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावर भागतं. (9 मिमी हा बोअर आपल्या कायद्यात सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे.) 9 मिमीला नुसत्या वजनावर रोखायचं तर स्लाइड जड हवी आणि स्प्रिंग फार कडक. स्पेनच्या अस्त्रा कंपनीने तशी पिस्तुलं केली, चाललीही, पण त्यांची स्लाइड ओढायला मनगटात चांगलाच जोर लागायचा.

ब्राउनिंगने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवली. हाय-पॉवरच्या नळीवर मागच्या बाजूला वर दोन आडवे उंचवटे आहेत. स्लाइडच्या आतल्या छताला त्याच मापाच्या दोन खाचा. पिस्तूल बंद असताना उंचवटे खाचांत बसलेले असतात, त्यामुळे नळी आणि स्लाइड म्हणजे एकच वस्तू. गोळी पुढे निघते, न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे ही जोडी मागे निघते. काही मिलिमीटर दोघी बरोबर सरकतात. मग नळीच्या पोटाखालचा तिरक्या खाचेचा दात पिस्तुलाच्या सांगाड्यात पक्क्या बसवलेल्या आडव्या पट्टीला भिडतो. तिरकस पृष्ठभाग आडव्या हालचालीला खालची दिशा देतो, नळीचं मागचं टोक खाली झुकतं, उंचवटे खाचांतून निघतात. नळी तिथेच थांबते. स्लाइड एकटी मागे जाते, जाताना पुंगळी ओढून बाहेर भिरकावते, हॅमर, म्हणजे काडतूस पेटवायला आघात करणारा घोडा, मागे पाडते, स्प्रिंग दाबते. परतताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलते आणि नळीला पुन्हा वर उचलून अडकवते.

आता प्रश्न वेळेचा. उंचवटे आणि खाचांचं हे कुलूप निघेपर्यंत गोळी बाहेर पडलेली असेल याची खात्री काय? तिथे घड्याळ नाही, सेन्सर नाही. उत्तर नववीच्या संवेगात आहे. गोळी 8 ग्रॅमची. स्लाइड आणि नळी मिळून, हिशेबासाठी, 400 ग्रॅम धरू. गोळीच्या 50 पट. बाहेरून बळ नसेल तर दोघांच्या मिळून वस्तुमानकेंद्राला जागचं हलता येत नाही, म्हणून गोळी जितकं पुढे जाईल त्याच्या पन्नासावा भाग ही जोडी मागे जाईल. गोळीला नळीत साधारण साडेनऊ सेंटिमीटर जायचं असतं. त्याचा पन्नासावा भाग दोन मिलिमीटरही नाही. बारुदाच्या वायूचं वस्तुमान धरलं तर थोडं वाढेल, स्प्रिंगमुळे किंचित घटेल, पण उत्तर दोन मिलिमीटरच्या आसपासच राहतं. कुलूप निघतं त्याच्याही पुढे. बारूद थोडा जोरकस असला तर गोळी वेगाने सुटते, स्लाइडही त्याच प्रमाणात वेगाने सुटते, पण अंतरांचं गुणोत्तर तेच! वेळ बदलते, क्रम बदलत नाही. सगळा खेळ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचा आहे आणि तो वस्तुमानाच्या गुणोत्तरात बांधून ठेवलाय. मला यापेक्षा सुंदर यंत्र फार थोडी माहीत आहेत.

1900 च्या पहिल्या कोल्टमध्ये नळीखाली पुढे आणि मागे अशा दोन हलत्या कड्या होत्या, नळी आडवीच्या आडवी खाली यायची. 1911 मध्ये मागची एकच कडी उरली. हाय-पॉवरमध्ये तीही गेली, उरला फक्त तिरका पृष्ठभाग. झिजणारा एकेक भाग असा कमी होत गेला.

याच संवेगाने सिनेमातला एक खोटेपणाही उघडा पडतो. नायकाने गोळी घातली की खलनायक दहा फूट मागे उडतो. 8 ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला 350 मीटर, संवेग 2.8. तो सगळा 70 किलोच्या माणसाला दिला तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला 4 सेंटिमीटर. तेवढाच संवेग झाडणाऱ्याच्या हातालाही मिळालेला असतो, तो कुठे उडतो? गोळीची ऊर्जा मात्र 490 ज्यूल असते आणि 900 ग्रॅमच्या पिस्तुलाच्या वाट्याला चारेक ज्यूलच येते. संवेग सारखा, ऊर्जा शंभरपट वेगळी, म्हणून एकाला धक्का बसतो आणि दुसऱ्याचा जीव जातो. कमरेला पिस्तूल खोचून रील काढणाऱ्या पोरांनी या दोन आकड्यांकडे नीट पाहावं.

मागचा धक्का हा तोफखान्याचा जुना वैरी. दौलताबादच्या मेंढा तोफेसाठी किंवा परांड्याहून 1632 मध्ये विजापूरला नेलेल्या मुलुखमैदान तोफेसाठी तो पचवायला भक्कम दगडी बुरूजच लागत. पिस्तुलात तोच धक्का कामाला लावलाय.

सेव्हची मॅगझिनही अशीच डोकेबाज. काडतुसाचं बूड 10 मिमीचं, म्हणजे 13 काडतुसं एकावर एक रचली तर 13 सेंटिमीटरची चळत होते आणि मुठीत मावत नाही. त्याने ती दोन रांगांत आलटून पालटून बसवली आणि वर येताना रांगा एकीत आणल्या. कोल्टच्या मॅगझिनमध्ये 7 काडतुसं होती, इथे 13, आणि मूठ तरीही हातात बसते. मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारा भाग मात्र मॅगझिनला घासत राहतो, त्यामुळे चाप जड लागतो. बऱ्याच नेमबाजांनी म्हणून तो काढून टाकला. म्हणजे हाय-पॉवर असलं तरी त्या सोयीवर विसंबून चालत नाही आणि इतर अनेक पिस्तुलांत तर ती सोय मुळातच नसते.

मंतरलेला ताईत असला की बंदूक ‘बांधली’ जाते, गोळी सुटत नाही, ही समजूत आपल्याकडे अजून जिवंत आहे. गोळी सुटत नाही तेव्हा काडतुसाच्या बुडातली कॅप ओलावा धरून मेलेली असते, नाहीतर हॅमरची स्प्रिंग थकलेली असते. शिवाय कॅप कधी कधी क्षणभर उशिराही पेटते, म्हणून न सुटलेल्या पिस्तुलाची नळी काही वेळ सुरक्षित दिशेलाच धरून ठेवायची असते. ताईतावर भरवसा ठेवून नळीसमोर उभं राहणाऱ्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही. दसऱ्याला शस्त्रपूजन जरूर करा, पण हळदकुंकू स्लाइडच्या खाचांत जाऊ देऊ नका. तेलात मिसळून त्याचा लगदा होतो आणि ज्या खाचांवर सगळं कुलूप अवलंबून आहे त्या भरून जातात.

एफएनने मूळ हाय-पॉवरचं उत्पादन आता थांबवलंय. पण आजची बहुतेक लष्करी पिस्तुलं नळी झुकवूनच उघडतात. फरक इतकाच की अनेकांत उंचवट्यांऐवजी चेंबरचा चौकोनी ठोकळाच पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीत अडकतो. जानेवारीत पोलिस रेझिंग डे सप्ताहात शाळेच्या मुलांसाठी शस्त्रांचं प्रदर्शन असतं. तिथे 9 मिमी पिस्तूल दिसलं तर अंमलदारांना ते रिकामं करून स्लाइड हळूहळू मागे ओढायची विनंती करा आणि पुढून नळीच्या तोंडाऐवजी बाजूच्या खिडकीतून बघा. सुरुवातीला नळी स्लाइडबरोबर किंचित मागे येते, मग तिचं मागचं टोक खाली बसतं, आणि तिथून पुढे स्लाइड एकटीच सरकते.