रंग जाळला म्हणून शिसं जळत नाही

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठी जुना रंग काढायला होडी उपडी घातली की एक सल्ला हमखास मिळतो: “ब्लो लॅम्प मार, रंगातलं विष जळून जातं.” हे साफ चूक आहे. ते विष म्हणजे शिसं, आणि शिसं हा धातू आहे. तो ३२७ अंशांना वितळतो, पण नाहीसा होत नाही. ब्लो लॅम्पच्या ज्योतीच्या उष्णतेनं त्याचा सूक्ष्म धूर होतो आणि तो थेट छातीत जातो. तोंडाला बांधलेला गमछा तो अडवत नाही.

पत्र्याच्या जुन्या होड्यांना सगळ्यात आत शेंदरी अस्तर सापडतं. ते रेड लेड, म्हणजे चक्क शिशाचा शेंदूर असू शकतं. विटकरी रेड ऑक्साइड वेगळं, ते लोखंडाचं. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, म्हणून जुना रंग शिशाचाच समजावा.

कोरडं घासणंही तितकंच वाईट. खाली ताडपत्री अंथरा, रंग पाण्यानं भिजवा आणि पत्रीनं, म्हणजे रंगाऱ्याच्या पात्यानं खरवडा. वॉटर पेपरही (पाण्यात चालणारा घासकागद) ओलाच फिरवा. वेळ लागतो, पण धूळ उडत नाही. पोरांना लांब ठेवा, शिसं त्यांच्या मेंदूवर घाव घालतं. खरवड पाण्यात लोटू नका, गोळा करून डब्यात बंद करा; हेच पाणी संभाजीनगर पितं. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.