पार्श्वभूमी: छोटे बँड भर दुपारी का वाजवतात?

पुण्या-मुंबईकडच्या छोट्या इंडी (मोठ्या कंपनीविना स्वतःची गाणी करणाऱ्या बँडच्या) महोत्सवात पहिला बँड मंचावर येतो तेव्हा ऊन उतरलेलंही नसतं. समोर पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी मांडवाच्या सावलीला. मला मात्र याच वेळी ऐकलेले बँड जास्त लक्षात राहतात. गर्दी नसल्याने थेट मंचापाशी उभं राहता येतं, आणि ड्रमरने काठ्या आपटून दिलेले चार ठोकेसुद्धा कानावर येतात. ही वेळ कुणी हौसेने निवडलेली नाही. तिच्यामागे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम आहे, आणि आवाजाच्याच नियमांनी बंद पाडलेली मुंबईच्या धोबी तलावची एक जागा आहे: रंगभवन.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगतो. 1970 च्या आसपास सिगारेटच्या जाहिरातीसाठी बँडच्या स्पर्धा होत आणि जिंकणाऱ्यांची तबकडी निघे. 1971 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला खुल्या माळावर महोत्सव झाला. 1978 मध्ये मुंबईच्या रंगभवनात जॅझचा मोठा सोहळा सुरू झाला आणि 1986 पासून त्याच मंचावर दरवर्षी रॉक बँडचा मेळा भरू लागला. तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवत. स्वतःचं गाणं ऐकवायला धाडस लागे.

रंगभवन म्हणजे डोक्यावर आकाश असलेलं नाट्यगृह. चर्चगेट आणि सीएसटी, दोन्हीकडून चालत येण्यासारखं. तिकीट कॉलेजच्या मुलांच्या खिशाला झेपणारं, आत दारू नाही, म्हणून सतरा-अठरा वर्षांच्या मुलांना कुणी दारात अडवत नसे. पण शेजारी कॉलेज, शाळा आणि रुग्णालयं. 2000 मध्ये केंद्राचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि 2003 च्या सुमारास रंगभवनातले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले.

वाद आहे तो ‘शांतता क्षेत्र’ या शब्दाचा. रुग्णालय, शिक्षणसंस्था किंवा न्यायालय यांच्याभोवतीचा किमान 100 मीटरचा परिसर तेव्हा आपोआप शांतता क्षेत्र ठरे. अशा क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. एकटा ड्रमसेट, ध्वनिवर्धकाशिवायही, जवळून शंभरच्या आसपास जातो. म्हणजे शांतता क्षेत्रात आवाज कमी करून बँड वाजवण्याचा प्रश्नच उरत नाही. इतर ठिकाणी हिशेब वेगळा आहे. तिथे कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर, त्या भागाच्या ठरलेल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यातलं जे कमी असेल ते चालतं. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55, म्हणून हद्दीवर 65. मैदान मोठं आणि हद्द लांब असेल तर बँडला श्वास घेता येतो. शहराच्या मध्यभागी तेवढं मैदान परवडतं कुणाला?

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, आणि ती सूट ‘सांस्कृतिक किंवा धार्मिक सणप्रसंगी’ द्यायची आहे. आपल्याकडे हे दिवस प्रामुख्याने गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, नाताळ, 31 डिसेंबर यांतच वाटले जातात. रुग्णाच्या झोपेचा हक्क मला पूर्ण मान्य आहे, आणि रंगभवनाशेजारच्या वॉर्डात माझं माणूस असतं तर मीही तक्रार केली असती. पण नव्या मुलांनी स्वतः रचलेली गाणी ‘सांस्कृतिक प्रसंगा’त का मोजली जात नाहीत, याचं पटणारं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. शास्त्रीय संगीतालाही याची झळ बसली: पुण्यातल्या डिसेंबरच्या महोत्सवात पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली याच नियमाने आवरत्या घ्याव्या लागल्या आणि पहाटेचे राग मंचावरून गेले. फरक इतकाच की, त्या महोत्सवाला नाव आणि रसिक आधीपासून होते. रंगभवनात वाजवणाऱ्या मुलांकडे फक्त ती जागा होती.

दहानंतरच्या बंदीतून बंद सभागृहं वगळलेली आहेत. त्यामुळे बँड आत गेले. जुहूच्या एका हॉटेलात गिग, म्हणजे बँडचे छोटे कार्यक्रम, होत असत. 2007 अखेर लोअर परळच्या जुन्या गिरणीच्या आवारात खास संगीतासाठी बांधलेला क्लब उघडला आणि 2016 मध्ये बंद झाला. तिथला आवाज इतका स्वच्छ होता की अनेकांनी आपल्याच गाण्यातला बास पहिल्यांदा नीट ऐकला असेल. पण अशा जागांचा खर्च दारूच्या विक्रीवर चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी 21 वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. रंगभवनाचा प्रेक्षक होता तो नेमका दाराबाहेर राहिला. 2017 च्या डिसेंबरात त्याच भागातल्या गिरणी आवारात आग लागून 14 जणांचा जीव गेला. त्यानंतर परवान्यांची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

2010 च्या डिसेंबरात पुण्यात एकाच आवारात अनेक मंच असलेला महोत्सव सुरू झाला. नमुना परदेशी, पण दहाच्या नियमात तो चपखल बसला. रात्र लांबवता येत नाही तर दिवस आधी सुरू करायचा, आणि वाढलेले तास नव्या बँडना द्यायचे. दोन वर्षांनी अरुणाचलात झिरो खोऱ्यातल्या भातशेतांमध्ये बांबूचे मंच उभे राहिले. मुंबईत काही तरुणांनी प्रायोजक टाळून ऐकणाऱ्यांच्याच वर्गणीतून कार्यक्रम केले. या सगळ्यांत कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची, गाणी जवळजवळ संपली. आता बँड स्वतःचंच वाजवतो आणि समोरच्यांना ते पाठ असतं, अगदी मराठीतलंही.

2017 मध्ये केंद्राने नियम बदलला: राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलाही परिसर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. रंगभवन पुन्हा उघडण्याच्या घोषणा त्याआधीही झाल्या होत्या, नंतरही झाल्या. 15 दिवसांच्या यादीत मात्र छोट्या महोत्सवासाठी वेगळा दिवस नाही, म्हणून पहिला साउंडचेक, म्हणजे वाजवण्याआधीची आवाजाची तपासणी, सकाळीच उरकावा लागतो.