'नोंदणी केली आहे का?' हा प्रश्न आला कुठून

भाद्रपदात मुंबईच्या नाक्यानाक्यावर फ्लेक्स लागतात. मधोमध गणपती, खाली शुभेच्छुकांचे चेहरे. तो गणपती कुणीतरी टॅबवर रात्री जागून काढलेला असतो आणि कोपऱ्यात सही करून इन्स्टाग्रामवर टाकलेला असतो. फ्लेक्सवर सही कापलेली असते. छापणाऱ्याला विचारलं तर 'गूगलवरून घेतलं' असं उत्तर येतं, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच असतं. तेच चित्र पुढे टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर, कुणाच्या रीलमध्ये फिरतं. तक्रार घेऊन गेलेल्या चित्रकाराला मात्र सर्वात आधी विचारलं जातं, 'नोंदणी केली आहे का?' नोंदणी म्हणजे कॉपीराइटची, चित्रावरच्या हक्काची सरकारी नोंद. हा प्रश्न कायद्यातून आलेला नाही. त्याचा इतिहास बराचसा याच शहरातला आहे.

चित्रं उचलणं इथे जुनंच. १८९४ मध्ये गिरगावात देवदेवतांची रंगीत चित्रं छापणारा छापखाना निघाला. चित्रं राजा रविवर्मांची. त्या चित्रांच्या नकला निघाल्या, ती काडेपेट्यांवर गेली. घरोघरच्या बायकांनी छापील लक्ष्मी-सरस्वतीला जरीची साडी नेसवली, टिकल्या लावल्या. घरच्या देवघरासाठी केलेला हा बदल आज आपण कौतुकाने बघतो. नाव खोडून विकणं ही गोष्ट वेगळी, पण दोन्ही एकाच तराजूत घालायची सवय तेव्हापासूनची असावी.

सध्याचा कॉपीराइट कायदा १९५७चा. चित्र काढून पूर्ण झालं की हक्क निर्माण होतो, ही त्याची मूळ धारणा. भारत १९२८ पासून कॉपीराइटच्या ज्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे, त्यातही हक्कासाठी कागदोपत्री अट घालायची नाही असं स्पष्ट आहे. कायद्याच्या कलम ५७ ने कलाकाराला आणखी एक गोष्ट दिली: हक्क विकून टाकले तरी आपलं नाव सांगण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार. १९९४ च्या दुरुस्तीनंतर नुसता बदल पुरेसा राहिला नाही, त्याने मानाला किंवा लौकिकाला धक्का बसतो हे दाखवावं लागतं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकलं गेलं होतं. शिल्पकार कोर्टात गेला. २००५ मध्ये सरकारने त्याला पाच लाख रुपये द्यावेत आणि शिल्पाचे उरलेले भाग परत करावेत, असा निकाल लागला. कलम ५७ चं नाव निघालं की आजही आधी हाच निकाल पुढे केला जातो. गणपतीच्या हातात पक्षाचं चिन्ह चिकटवलं तर चित्रकाराच्या लौकिकाला धक्का बसतो की नाही, हे मात्र तो निकाल वाचून कळत नाही.

आता २०१२. या एका वर्षाला जास्त जागा देतोय, कारण मुंबईतल्या चित्रकारांचं नुकसान तिथे सुरू झालं असं माझं मत आहे.

त्या वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने, म्हणजे एकाच न्यायमूर्तींनी, सॉफ्टवेअरच्या एका वादात म्हटलं, की कॉपीराइटची नोंदणी नसेल तर दिवाणी किंवा फौजदारी दाद मागता येणार नाही. कायद्यात नोंदणीचं आख्खं प्रकरण आहे, ते उगीच घातलेलं नसणार, असा युक्तिवादाचा रोख. देशातल्या इतर बहुतेक उच्च न्यायालयांचा कल याच्या उलट होता. पुढच्या तीनच महिन्यांत, जूनमध्ये, कायद्यातली मोठी दुरुस्ती लागू झाली आणि ऑनलाइन चोरीसाठी नवा रस्ता निघाला. लेखी तक्रार मिळाली की संकेतस्थळाने ते काम २१ दिवस बंद ठेवायचं. त्या काळात कोर्टाचा आदेश आला नाही तर ते पुन्हा खुलं करता येतं. २०१३ च्या नियमांनी काम बंद करण्यासाठी ३६ तासांची मुदत घातली. तक्रारीसोबत मात्र हमी द्यावी लागते, की मी २१ दिवसांत दावा दाखल करून आदेश आणीन.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. दिल्लीत कायदा म्हणतो २१ दिवसांत कोर्टात जा, आणि मुंबईतलं कोर्ट म्हणतं आधी नोंदणीचं प्रमाणपत्र आणा. अर्ज केल्यावर नुसत्या हरकतींसाठीच किमान ३० दिवस थांबावं लागतं, छाननी त्यानंतर. शिवाय चित्र मालावर वापरण्याजोगं असेल, आणि टी-शर्टवर न जाणारं चित्र आज कुठलं, तर ट्रेडमार्क कार्यालयाचा दाखलाही जोडावा लागतो. अशा चित्राच्या नोंदणीची फी २००० रुपये, साध्या चित्राची ५००. गणपती दहा दिवसांचा. महिन्याला पंधरा-वीस चित्रं टाकणाऱ्याने कुठलं नोंदवायचं?

हा गुंता नऊ वर्षं राहिला. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या एकल पीठाने तो सोडवला, आणि तोही सोयाबीन तेलाच्या पिशवीवरच्या लेबलाच्या भांडणात. नोंदणी ऐच्छिक आहे, कायद्यात अर्ज 'करता येईल' असं आहे, 'करावाच' असं नाही. प्रमाणपत्र हा प्रथमदर्शनी पुरावा, हक्काचा उगम नव्हे. याच न्यायालयाचे १९९७ आणि २००२ चे निर्णय असंच सांगत होते, ते २०१२ मध्ये विचारात घेतले गेलेच नाहीत, म्हणून तो निकाल बंधनकारक नाही. ज्यांनी या नऊ वर्षांत 'जाऊ दे' म्हणून सोडून दिलं त्यांना याचा काही उपयोग झाला नाही. आणि प्रश्न विचारायची सवय टिकली ती टिकलीच.

२०१२ च्याच दुरुस्तीतली एक चांगली गोष्ट या गोंधळात झाकली गेली. कलम ६५-ब नुसार कामावरची निर्मात्याची ओळख जाणूनबुजून काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कापलेली सही आणि पुसलेला वॉटरमार्क इथे नेमके बसतात. मूळ उल्लंघनाच्या कलम ६३ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, की तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. कलम ६२ मुळे चोर तमिळनाडूतल्या तिरुपूरचा असला तरी मुंबईत राहणाऱ्याला दावा मुंबईत लावता येतो. ही हत्यारं कमी वापरली जातात.

प्रत्यक्षात बहुतेक जण भरतात तो अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याचा (डीएमसीए), चोरलेलं काम उतरवायला सांगणारा फॉर्म, कारण मोठे ऑनलाइन मंच तिथले. तो चालतो, काम पटकन उतरतं. समोरच्याने हरकत घेतली की १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत आपण कोर्टात जायचं, नाहीतर चित्र परत वर. शिवाय तक्रारीत खरं नाव आणि पत्ता द्यायचा असतो, आणि तो समोरच्यापर्यंत पोचू शकतो. टोपणनावाने काम करणाऱ्या मुली इथेच थांबतात.

२०२१-२२ मध्ये चित्रांच्या डिजिटल टोकनांची (एनएफटी), म्हणजे चित्राच्या मालकीच्या विकता येणाऱ्या ऑनलाइन नोंदींची, लाट आली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांच्या सर्वात मोठ्या बाजाराने, ओपनसीने, स्वतःच सांगितलं, की त्यांच्या फुकट सुविधेतून बनलेल्या वस्तूंपैकी ८० टक्क्यांहून जास्त चोरीच्या, बनावट किंवा कचरा होत्या. लाट ओसरली. मार्च २०२५ मध्ये जिबली या जपानी अॅनिमेशन स्टुडिओच्या शैलीत सगळ्यांनी एआयकडून आपापले फोटो करून घेतले. शैलीवर कॉपीराइट नसतो, तेव्हा तिथे कायद्याचं बोट ठेवायला जागा कमी. पण मशीनला शिकवताना कुणाची चित्रं वापरली, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि दिल्ली उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०२४ पासून एका वृत्तसंस्थेचा दावा, तिच्या बातम्यांबाबत, त्याच मुद्द्यावर चालू आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या समितीने मसुदा मांडला: मशीन शिकवण्यासाठी कायदेशीरपणे मिळवलेली सगळी कामं सक्तीच्या परवान्याने वापरू द्यायची, कलाकाराला नकार देता येणार नाही, बदल्यात रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटायची. रॉयल्टी हवी असेल तर काम त्या संस्थेकडे नोंदवायचं.